त्रेचाळीस प्रती

लंडनच्या ऑलिंपियात मार्च महिन्यात पुस्तकांचा बाजार भरला की नूला डेव्हानला तीन दिवस खुर्चीवरून उठायची सोय नसे. दर अर्ध्या तासाला समोरच्या खुर्चीत नवा माणूस यायचा. स्पेनचा प्रकाशक उठला की कोरियाची बाई, ती उठली की फिनलंडचे दोघे भाऊ. नूलाच्या यादीत सगळे कल्पनेतल्या दुनियांचे लेखक होते. कुणी परग्रहांवर वसाहती उभ्या करणारे, कुणी जादूगारांच्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिणारे. त्यांच्या पुस्तकांचे हक्क देशोदेशीच्या प्रकाशकांना विकायचे, हे तिचं काम. आयर्लंडातल्या स्लायगोहून आलेल्या या बाईने तीस वर्षं तेच केलं होतं. ‘हे काही खरं साहित्य नव्हे’ असं तिच्या तोंडावर सांगणारे कितीतरी संपादक दरम्यान सेवानिवृत्त झाले. नूला होती तिथेच होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या बाजारात, दुसऱ्या दिवशी दुपारी, ती अंड्याचं सँडविच कसंबसं तोंडात कोंबत असताना एक उंच, वाकलेला माणूस वेळ न ठरवताच येऊन बसला. ल्युबोर कुबेश, ब्रनोचा. झेक प्रजासत्ताकात त्याचं छोटंसं प्रकाशन होतं. त्याने पिशवीतून एक जाडजूड बाड काढून टेबलावर ठेवलं. पडद्याच्या फुलाफुलांच्या कापडात बांधलेलं.

“हे काय?” नूलाने विचारलं.

“तुमच्या हेस्टर थ्वेटबाई. ‘भरतीवर दावा’. मी भाषांतर केलं, मीच टाइप केलं. त्र्याऐंशी साली. एका वेळी सात कागद, मध्ये कार्बन. ही सातवी प्रत, म्हणून पुसट आहे.”

“परवानगी कुणाची घेतली होती?” सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.

कुबेश शांतपणे म्हणाला, “तेव्हा कम्युनिस्टांच्या राज्यात परवानगी मागायला गेलो असतो तर पोलीस घरी आले असते. आता मागतोय, तर कुणी उत्तरच देत नाही. अकरा पत्रं लिहिली तिच्या प्रकाशकांना, मार्चबँकला.”

नूलाने पानं उलटली. अक्षरं इतकी फिकट की कागद उजेडाकडे धरावा लागत होता. समासात निरनिराळ्या हातांच्या पेन्सिलींच्या खुणा होत्या. एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं.

“किती जणांनी वाचलं हे?”

“ट्रॅक्टरच्या कारखान्यात आमच्या विभागात सगळ्यांनी. मग त्यांच्या बायकांनी. पुढचं मला माहीत नाही. एकदा एक अनोळखी बाई मला ट्राममध्ये ती गोष्ट सांगायला लागली.” “आम्ही ती वाचली हे बाईंना माहीत नाही. मला ते पुस्तक त्यांच्या नावाने, त्यांच्या सहीने छापायचं आहे. एकदा तरी रीतसर.”

आता हेस्टर थ्वेट कोण, ते सांगायला हवं. इंग्लंडच्या वायव्येला मोरकॅम्ब खाडीच्या काठी फ्लूकबरो नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत मुलांचं जेवण रांधणारी ही बाई. सुट्टीत कोळंबी सोलायला जायची. चौऱ्याहत्तर साली तिने एक कादंबरी लिहिली. दरवर्षी समुद्र ज्यांची जमीन खातो अशा लोकांची. त्यांच्यातली ऑडा नावाची एकाहत्तर वर्षांची मीठ आटवणारी बाई उठते आणि सरळ समुद्राच्या दरबारात जाऊन त्याच्यावर दावा लावते, ही त्यातली मुख्य गोष्ट. मार्चबँक अँड लील या मोठ्या प्रकाशन संस्थेने ती छापली, दोनदा काढली आणि विसरून गेली. हेस्टरच्या पहिल्या एजंटाने करार करताना जगातल्या सगळ्या भाषांचे हक्क मार्चबँकच्या झोळीत टाकले होते. तो वारल्यावर सहा वर्षांपूर्वी हेस्टर नूलाकडे आली, तेव्हा जे व्हायचं ते केव्हाच होऊन बसलं होतं.

बाजार उठला तसं नूलाने मार्चबँकला पत्र धाडलं. पुस्तक वर्षानुवर्षं मिळत नाही, तेव्हा हक्क लेखिकेला परत द्या. आठवड्याने उत्तर आलं. पुस्तक मिळत नाही हे म्हणणं चूक आहे, आमच्या गोदामात त्रेचाळीस प्रती शिल्लक आहेत, सबब हक्क परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. झेक भाषेबद्दल यथावकाश विचार करू. खाली सही पिअर्स ऑल्डरटन यांची, संचालक.

नूलाचं कार्यालय क्लार्कनवेलमध्ये एका चावीवाल्याच्या दुकानावर होतं. दोन खोल्या आणि दोन माणसं. दुसरा माणूस म्हणजे क्लॅरेन्स होल्डर. बार्बाडोसहून तरुणपणी आलेला, वकिलाच्या कचेरीत बावीस वर्षं घासलेला, आता नूलाचे करारमदार बघणारा. त्याने पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.

“त्रेचाळीस,” तो म्हणाला. “चाळीस नाही, पन्नास नाही. खोटं बोलणारा माणूस गोल आकडा कधी सांगत नाही.”

“म्हणजे खोटं आहे?”

“मला काय ठाऊक? पण करारातलं चौदावं कलम बघ. पुस्तक बाजारात नसेल आणि आपण लेखी कळवल्यापासून नऊ महिन्यांत त्यांनी पुन्हा छापलं नाही, तर सगळे हक्क हेस्टरचे. आधी फक्त पुस्तक नाही हे दाखवायला हवं. ते म्हणतात आहे.”

“आहे तर देतील की मागितल्यावर,” नूला म्हणाली आणि तिने कोट उचलला.

कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्या बाईकडून तिने रीतसर मागणी लिहून घेतली. ‘भरतीवर दावा’, प्रती त्रेचाळीस. तो कागद घेऊन ती दुसऱ्या दिवशी एसेक्समधल्या मार्चबँकच्या गोदामावर गेली. पत्र्याची भलीमोठी इमारत, बाहेर मालाचे ट्रक आणि एका बाजूला दुकानदारांसाठी खिडकी. खिडकीत साठीचा एक माणूस पाइप साफ करत बसला होता. त्याने मागणी वाचली आणि नूलाकडे नीट बघितलं.

“ताई, त्रेचाळीस? शाळेला लावलं की काय?”

“तुमच्याकडे आहेत ना तेवढ्या?”

त्याने संगणकावर पुस्तकाचं नाव घातलं. “आहेत म्हणतंय.” मग तो उठून आत गेला. नूला वीस मिनिटं उभी राहिली. परत आला तेव्हा त्याचे हात धुळीने माखले होते.

“कपाटच नाही तिथे. एक्क्याण्णव साली आम्ही तो अख्खा कोपरा लगदा करायला पाठवला. मीच गाड्या भरल्या होत्या. आकडा मात्र संगणकात तसाच राहिला.”

नूलाने आवाज तसाच ठेवला. “हे मला लिहून द्याल?”

तो खिडकीच्या आतच जरा मागे सरला. “माझी दीड वर्षं राहिलीत पेन्शनला.”

नूलाने मान डोलावली. त्याला कोंडीत पकडून काही मिळवावं असं तिला वाटेना. ती वळणार, तेवढ्यात तोच म्हणाला, “थांबा. मागणी आणलीय ना तुम्ही? माल नसला की मी शिक्का मारून कागद परत देतो. दिवसातून शंभरदा देतो. त्यात काही विशेष नाही.”

त्याने शिक्का मारला. ‘शिल्लक नाही.’ खाली तारीख घातली, आद्याक्षरं लिहिली आणि पाइप पुन्हा हातात घेतला.

पाच मेच्या मंगळवारी क्लॅरेन्सने त्या कागदाची नक्कल जोडून नोटीस पाठवली. नऊ महिने मोजायला तिथून सुरुवात झाली.

जूनमध्ये पिअर्स ऑल्डरटनने नूलाला जेवायला बोलावलं. अकरा पत्रांना उत्तर न देणारा माणूस आता स्वतः फोन करत होता, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला कळलं होतं. माणूस गोड होता. मासा मागवला, तिच्या तब्येतीची चौकशी केली, मग मुद्द्यावर आला. एका फिल्म कंपनीने त्या पुस्तकाबद्दल विचारलं होतं. मार्चबँकला ते नव्याने काढायचं होतं, थाटात, प्रत्येक स्टेशनवर जाहिराती लावून.

“मग काढा. हरकत कुणाची आहे?” नूला म्हणाली.

“थोडं ताजं करून. आमच्याकडे एक हुशार तरुण लेखक आहे, तो हात फिरवेल. भाषा जरा जुनी झालीय. आणि ऑडा... एकाहत्तर फार होतात, नूला. लोकांना तिच्याबरोबर प्रवास करायचाय. आम्ही एकोणीस म्हणतोय.”

“एकोणीस.”

“हातात तलवार वगैरे. मुखपृष्ठाचं कच्चं चित्र तयार आहे.” त्याने रुमालाने ओठ टिपले. “हेस्टरबाईंनी नवीन करारावर सही केली की ती नोटीस आपण दोघं विसरून जाऊ. तुझा ग्रॅहम टली आमच्याकडे आहे. त्याच्या पुढच्या तीन पुस्तकांचं बोलणं आता सुरू होईल. वातावरण चांगलं राहावं एवढंच माझं म्हणणं.”

ग्रॅहम टली अंतराळातल्या युद्धांवर लिहायचा. चौदा भाषांत नूलाने त्याला नेलं होतं. तिच्या दारावर पाटी टिकून होती ती निम्मी त्याच्या जोरावर. पिअर्सला ते ठाऊक होतं, आणि त्याला ते ठाऊक आहे हे नूलालाही ठाऊक होतं. तिने समोरचा मासा अर्धा टाकला.

मनात काहीही असलं तरी आलेला प्रस्ताव लेखकापुढे जसाच्या तसा ठेवायचा, हा तिचा धर्म. संध्याकाळी तिने हेस्टरला फोन लावला. काही लपवलं नाही. स्टेशनावरच्या जाहिराती सांगितल्या, सिनेमा सांगितला, तलवार सांगितली. नाही म्हटलं तर कदाचित कुणीच काही छापणार नाही, हेही सांगितलं.

पलीकडे भांड्यांची खुडबुड थांबली.

“एकोणीसची,” हेस्टर म्हणाली. “पोरी, एकोणिसाव्या वर्षी मी शेजारच्या गायीवर दावा लावू शकले नसते. समुद्राशी भांडायचं तर आधी त्याने तुमचं काहीतरी नेलेलं असावं लागतं.”

“मग नाही म्हणू?”

“बेचाळिसाव्या वर्षी लिहिताना मला वाटलं होतं, एकाहत्तर म्हणजे खूपच म्हातारी. आज मी सहासष्टची आहे. तिचं वय मला आता कुठे समजायला लागलंय, आणि हे ते काढून घेणार? नाहीच म्हण.”

“बरं.”

“आणि ऐक, त्या ब्रनोवाल्याला माझा पत्ता दे.”

नूलाने नकार कळवला. दोन ओळींत, आभार मानून.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. मार्चबँकमध्ये तिच्या फोनला कुणी बाहेर गेलेलं असायचं, कुणी बैठकीत असायचं. तिने पाठवलेली हस्तलिखितं न उघडता परत येऊ लागली. सप्टेंबरमध्ये ग्रॅहम टलीचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, तीन पानी आणि अवघडलेलं. तू माझ्यासाठी केलंस ते मी विसरणार नाही, पण माझ्यावर घर चालतं, मला मार्चबँकशी वाकडं घेऊन चालणार नाही. तो दुसऱ्या एजंटाकडे चालला होता.

नूलाने पत्र क्लॅरेन्सच्या टेबलावर ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली चावीवाल्याचं यंत्र किरकिरत होतं.

“अजून वेळ गेलेली नाही,” क्लॅरेन्स हळूच म्हणाला. “पिअर्सला एक फोन केलास तर टली परत येईल. सांगितलं पाहिजे म्हणून सांगतो.”

“तुला वाटतं मी करावा?”

“मला वाटतं, केलास तर मी उद्यापासून येणार नाही. पण सांगणं माझं काम होतं.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. मग पर्स उचलून बाहेर पडली आणि फिन्सबरीच्या बागेला दोन फेऱ्या मारून आली. त्या फेऱ्यांमध्ये तिला भीती वाटली नाही असं नाही. चोपन्न वर्षांची बाई, दोन खोल्या भाड्याच्या, यादीतला सगळ्यात मोठा लेखक हातचा गेलेला. पण पिअर्सने धमकी दिली तेव्हा त्याचा चेहरा कसा होता तेच तिला पुनःपुन्हा दिसत होतं. मासा बरा शिजलाय म्हणावं तसं तो बोलला होता. तीस वर्षांत आपल्याशी असं किती जण बोलले आणि आपण किती वेळा गिळलं, याचा हिशेब तिला लागेना. परत येऊन तिने कुबेशला फॅक्स केला. आम्ही ठाम आहोत, तुम्ही भाषांतर तपासायला घ्या.

दहा मिनिटांत उत्तर आलं. “पहिली चार प्रकरणं नव्याने झाली. बाईंनी माझ्या सव्वीस चुका काढल्या. फार आनंदात आहे.”

मार्चबँकच्या हिवाळी कॅटलॉगात ‘भरतीवर दावा’ची पानभर जाहिरात आली. चित्रात वाऱ्यावर केस उडवणारी मुलगी, तलवारीसकट. प्रकाशन जानेवारी. लेखिकेच्या सहीशिवाय त्यांना मजकुराचा एक शब्द बदलता येत नव्हता, तेव्हा जुनाच मजकूर नव्या चित्राखाली घालून छापायचा आणि हक्क दाबून ठेवायचे, असा बेत उघड दिसत होता. क्लॅरेन्सने जाहिरात कातरून फाइलीत लावली. “छापलं तर कायद्याने आपण संपलो,” तो म्हणाला. “चित्र कितीही वाईट असलं तरी.”

नोव्हेंबर गेला, डिसेंबर निम्मा झाला. नूला रोज कोपऱ्यावरच्या दुकानात विचारून यायची. आणि नाताळाच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी पिअर्स ऑल्डरटनचा फोन आला. थेट, मध्ये चिटणीस न घालता.

“नूला, एक बारीकसं काम होतं.”

“बोल.”

“त्या थ्वेटबाईंच्या पुस्तकाची एखादी प्रत असेल का तुझ्याकडे? आमच्या दप्तरातली सापडत नाहीये. छपाईसाठी मजकूर लागतो, आणि एवढ्यासाठी शोधाशोध करत बसायला...”

नूलाने मान वर करून क्लॅरेन्सकडे बघितलं आणि फोन जरा कानापासून दूर धरला, त्यालाही ऐकू यावं म्हणून.

“पण पिअर्स,” ती म्हणाली, “तुमच्याकडे त्रेचाळीस आहेत.”

क्लॅरेन्सने तोंडावर फाइल धरली होती आणि त्याचे खांदे गदगदत होते.

“हा पोरकटपणा आहे,” पिअर्स म्हणाला.

“तुझ्या सहीचं पत्र आहे माझ्याकडे. गोदामात विचार. खिडकीवर चांगला माणूस आहे.”

त्याने फोन ठेवला. दुपारी फ्लूकबरोहून हेस्टरने कळवलं, तिलाही फोन आला होता. कुणी गोड आवाजाची मुलगी. तिची स्वतःची प्रत उसनी मागत होती, तिचंच पुस्तक तिच्याकडून हिसकावायला.

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, वाचनालयात बघ बाळ. आमच्याकडे वाचनालय सोमवारी बंद असतं तेवढं सांभाळ.”

त्यांना प्रत मिळाली असणार, जानेवारीत केव्हातरी, कुठल्यातरी वाचनालयातून. पण जुनं पुस्तक अक्षर अक्षर नव्याने जुळवायचं, तपासायचं, छापायचं, याला लागायचा तो वेळ लागतोच. शिवाय मार्चबँकमध्ये कुणालाही खरं वाटत नव्हतं की दोन खोल्यांतली ही बाई शेवटपर्यंत जाईल. फेब्रुवारीच्या पाच तारखेला, शुक्रवारी, नूला सकाळी नऊला दुकानात गेली आणि संध्याकाळी साडेपाचला पुन्हा गेली. पुस्तक आलेलं नव्हतं. दुकानवाल्या बाईने तसं लिहून दिलं. सोमवारी क्लॅरेन्सने पत्र पाठवलं, त्यावर मार्चबँकच्या वकिलांनी एक खरमरीत उत्तर धाडलं, त्याला क्लॅरेन्सने त्याहून लांब उत्तर दिलं आणि शिक्क्याचा कागद व संचालकांचं पत्र शेजारी शेजारी लावून जोडलं. तीन आठवडे काही आलं नाही. मग एक पान आलं. सदर पुस्तकाचे सर्व हक्क लेखिकेकडे परत जात आहेत. दिलगिरीचा शब्द नव्हता. सही पिअर्सची नव्हती, कुणा कारकुनाची होती.

ते पान टपालाने पाठवायचं नूलाला जिवावर आलं. युस्टनहून गाडी धरून, लँकेस्टरला बदलून ती दुपारी फ्लूकबरोला पोचली. हेस्टर दारातच होती. बुटकी, रुंद, हात कोपरापर्यंत पिठाचे. तिने हात पुसले, पान घेतलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. दोनदा वाचलं.

“म्हणजे आता हे माझं.”

“सगळं तुमचं.”

“पंचवीस वर्षं झाली.” तिने पान घडी करून एप्रनच्या खिशात घातलं. मग टोस्टवर लोण्यातली कोळंबी पसरून बशी नूलापुढे सरकवली. “खा. तो अंतराळातल्या लढायांवाला होता ना तुझ्याकडे, त्याचं काय झालं?”

“गेला.”

“माझ्यामुळे?”

“पिअर्समुळे.”

हेस्टरने तिच्या बशीत आणखी एक टोस्ट ठेवला. नूलाने कागद काढले. ब्रनोच्या करारावर सही हवी होती. लीड्समधल्या दोघी बहिणींनी नव्याने प्रकाशन काढलं होतं, त्यांना इंग्रजी पुस्तक जसंच्या तसं काढायचं होतं, मुखपृष्ठावर म्हातारी हवीच असं त्यांनीच आधी सांगितलं होतं. हेस्टरने दोन्ही नीट वाचून सह्या केल्या.

“आणि एक,” नूला म्हणाली. “काल मार्चबँककडून निरोप होता. नव्याने बोलू म्हणतात. स्टेशनवरच्या जाहिराती, सिनेमा, सगळं तेच. ऑडाला तीस वर्षांची करायला तयार आहेत.”

“मग?”

“मी नाही सांगून टाकलं.”

हेस्टरने पेन खाली ठेवलं. “मला न विचारता?”

नूलाने बशी बाजूला सरकवली. तीस वर्षांत तिने हे कधी केलं नव्हतं. “मला वाटलं, तुमचं उत्तर मला माहीत आहे.”

“माहीत असेल. पण ते माझं आहे.” हेस्टरच्या आवाजात राग होता, खराखुरा. “शाळेत मी वीस वर्षं हो म्हटलं. नवऱ्याला हो म्हटलं. त्या मेलेल्या एजंटाने कागद पुढे केले तेव्हा न वाचता हो म्हटलं. नाही म्हणायची पाळी माझ्यावर किती वेळा आली असेल? आणि आली तर ती तू वापरून टाकलीस.”

“चुकलं माझं,” नूला म्हणाली. आणि ते तिला मनापासून वाटलं.

“नंबर दे त्यांचा.”

नूलाने दिला. हेस्टर भिंतीवरच्या फोनपाशी गेली, चष्मा लावला आणि एकेक आकडा बघत फिरवला. पलीकडून कुणीतरी उचललं.

“मी हेस्टर थ्वेट. ऑल्डरटनसाहेबांशी बोलायचंय... जेवायला गेलेत? असू दे. किती वेळ लागेल?... नाही, निरोप नको. मलाच सांगायचंय.”

तिने पायाने खुर्ची ओढून घेतली, बसली आणि फोनची तार मांडीवर नीट गुंडाळून ठेवली.

“मी थांबते,” ती म्हणाली.